खोतकाकूंचा पट्टा

माणसांच्या छातीवर बांधलेले पट्टे बोलू लागले, त्या काळातली ही गोष्ट. एका दवाखान्यात प्रत्येक रोग्याच्या छातीवर एक पट्टा असे आणि उशाशी एक डबी. पट्ट्याने काळजाचे ठोके सांगायचे, डबीने ऐकायचे आणि काही बिघडलं की घंटी वाजवून सिस्टरला बोलवायचं.

पुढे खाटा वाढल्या, एकमेकींना खेटल्या. पट्ट्यांचा एकच गलका झाला. डब्यांना कुणाचंच धड ऐकू येईना. तेव्हा खोतकाकूंच्या छातीवरचा जुना पट्टा म्हणाला, "अरे, आपापली डबी हातभर अंतरावर आहे. गावाला ऐकवायचंय का? हळू बोलू, पाळीपाळीने बोलू."

"तू बोल हळू," शेजारचा पट्टा गुरगुरला. "माझा पेशंट मोठा साहेब आहे." आणि ज्याने त्याने आवाज आणखी चढवला.

जुना पट्टा मात्र दुसऱ्यांचं संपायची वाट बघत हळूच बोलत राहिला. एका दुपारी काकूंचा ठोका अडखळला. पट्टा जिवाच्या आकांताने ओरडला. डबी कान लावून बसली होती, पण त्या कल्लोळात तिला काही उमगलं नाही. सिस्टर नेहमीचं औषध घेऊन आली, तेव्हा काकू गेल्या होत्या.

"आधीपासूनच जोरात बोलायला हवं होतं त्याने," बाकीचे पट्टे हळहळले.

संध्याकाळी पट्टा स्पिरिटने पुसून नव्या रोग्याला बांधला. बंद आवळायच्या आतच तो सगळ्यांच्या वर ओरडू लागला.

"आता शहाणा झाला," शेजारचा पट्टा म्हणाला. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.