गेनूनं जोर राखला

एका गावात एक भोळा शिपाई होता. गेनू त्याचं नाव. शाळेत नवाच लागलेला, नोकरी अजून कच्ची. सोमवारी तपासणीला साहेब यायचे होते. "त्यांचा शेरा चांगला पडला तर तुला कायम करू," असं हेडमास्तर म्हणाले होते. तेव्हापासून गेनूनं ठरवलं, एकदा मिळालेली शिकवण विसरायची नाही.

साहेबांना प्रयोग दाखवायचा होता. विज्ञानाच्या पाठारेबाईंनी आधी तालीम ठेवली.

"गेनू, बटाटा आण."

गेनूनं खिचडीच्या चुलीवर बटाटा उकडला, सोलला, वर मीठही लावलं. बाईंनी तो पेरॉक्साइड नावाच्या औषधात टाकला. यायला हवा होता तो फेस काही येईना.

"अरे शहाण्या! एरवी या औषधातला वायू सुटायला महिने लागतात. कच्च्या बटाट्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, तेच काम झटक्यात करतं. उकडलंस की विकर मेलं! उकडायचं नाही, कळलं?"

"कळलं, बाई."

दुपारी हेडमास्तरांकडे सरपंच आले. गेनूनं चहा आणला. गार पाणी, वर पत्ती, तळाशी साखर. सरपंच पत्ती चावत बसले.

"चहा उकळला का नाहीस?" हेडमास्तर ओरडले.

"विकर मरतंय न्हवं, सर."

"गाढवा! पाहुण्यापुढे ठेवायचं ते उकळून, गाळून!"

"बरं, सर."

सोमवार उजाडला. "साहेब येतील, पेरॉक्साइड काढून ठेव," बाई म्हणाल्या. पाहुण्यापुढे ठेवायचं, म्हणून गेनूनं ते खळखळून उकळलं, फडक्यानं गाळलं. बाईंनी कच्चा बटाटा टाकून पाहिला. तो मुकाट तळाशी जाऊन बसला.

बाईंना रडूच फुटायचं बाकी राहिलं. "अरे, तापलं की त्याचा जोर जातो! म्हणून तर ते गार, अंधाऱ्या जागी, घट्ट झाकून ठेवतात!" नशीब, एक बाटली शिल्लक होती.

तेवढ्यात साहेब आले. भर उन्हातून, घामानं निथळत. हेडमास्तर हार आणायला धावले. जाता जाता म्हणाले, "गेनू, साहेब उन्हानं फार तापलेत. नीट जप त्यांना!"

गेनूला बाईंचं बोलणं आठवलं. साहेबांचा जोरच गेला तर शेरा कोण लिहिणार? "या साहेब, आत गार हाय," म्हणत तो त्यांना घेऊन गेला.

इकडे वर्ग भरला. बाई बटाटा चिमट्यात धरून उभ्या. हेडमास्तर हार घेऊन आले.

"गेनू, साहेब कुठायत?"

"सामानाच्या खोलीत, सर. अंधार हाय, गारवा हाय. दार घट्ट लावून वरनं कुलूप घातलंय."

हेडमास्तरांच्या हातातला हार गळून पडला. पलीकडे दार धडाधडा वाजत होतं. गेनूनं कान दिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"ऐका, सर! जोर रतीभर गेला न्हाई!"