रुमालाखालची करंगळी

डोंगरापलीकडच्या एका पेठेत, रुपयाला फार किंमत होती तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या आठवड्याच्या बाजारात एक नाणेवाला बसायचा. गोणपाट अंथरून त्यावर जुनी नाणी मांडायची, गिऱ्हाइकाने एखादं उचललं की तिप्पट भाव सांगायचा आणि मग मजेत घासाघीस करायची, असा त्याचा धंदा. सौदा पटकन जमला तर त्याचं मन खट्टू व्हायचं. गिऱ्हाइकाने नाक मुरडावं, नाणं खाली ठेवावं, थोडं पुढे जाऊन परत यावं, हे सगळं त्याला मनापासून आवडायचं.

त्या बाजारात शेवटचा भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक रुपया, सगळा पंजा म्हणजे पाच. समोरच्याने तळहातावर टाळी दिली की सौदा पक्का. रुमालाखाली झालेलं पुन्हा बदलायचं नाही, एवढा एकच नियम होता. तो कुणी मोडला तर दाखवायला पुरावा मात्र नसे.

नाणेवाला बसायचा ती जागा भर उन्हातली होती. त्या उन्हाळ्यात चिंचेखालचा एक ओटा रिकामा झाला. वर्षाचे पाच रुपये पुढच्या बाजाराच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जो भरेल त्याला तो मिळणार, असं पाटलांनी सांगितलं होतं. एक तंबाखूवालाही त्यावर डोळा ठेवून होता. नाणेवाल्याकडची तांब्याची नाणी पैशा-दोन पैशांची. पाच रुपये देईल असं एकच नाणं त्याच्याकडे होतं, एका जुन्या राजाचं, मागच्या बाजूला बारीकशी मासोळी कोरलेलं चांदीचं.

त्या बाजाराच्या दिवशी दुपार कलली तेव्हा एक गुऱ्हाळवाला आला. अंगावर उपरणं, उजवा हात उपरण्यात. त्याला जुन्या नाण्यांचा भारी नाद. त्या राजाची सगळी नाणी त्याने जमवली होती, फक्त मासोळीचं तेवढं राहिलं होतं. ते दिसताच त्याचे डोळे चमकले आणि लगेच त्याने तोंड वाकडं केलं. नाणेवाल्याला दोन्ही दिसलं.

"दहा रुपये," नाणेवाला म्हणाला.

"दहात मी राजालाच जेवायला घेऊन येईन."

"आणा की. येताना मासोळी आणायला सांगा त्याला."

मग रंग चढला. गुऱ्हाळवाल्याने कड झिजल्याचं दाखवलं. नाणेवाल्याने सांगितलं की ती राजाच्या शिपायांच्या हातांनी झिजली, तिचे पैसे वेगळे लावायला हवेत. गुऱ्हाळवाला उठला, शेजारच्या चाळणीवालीच्या चाळण्या उगाच उलट्यासुलट्या करून परत आला. असं होत होत भाव तीन आणि सहाच्या मध्ये अडकला आणि नाणेवाल्याने रुमाल काढला.

गुऱ्हाळवाल्याने रुमालाखाली त्याची तीन बोटं धरली. नाणेवाल्याने उलट त्याचा सगळा पंजा पकडला. पकडताच त्याला जाणवलं, करंगळीच्या जागी काहीच नाही. तो जरासा थबकला. विचारावं का? पण पंजा तो पंजा, असं मनाशी म्हणून तो गप्प राहिला. गुऱ्हाळवाल्याने हसून टाळी दिली.

रुमाल निघाला. गुऱ्हाळवाल्याने गोणपाटावर चार रुपये ठेवले.

"एक राहिला," नाणेवाला म्हणाला.

"कुठला राहिला? तुम्ही चार बोटं धरलीत, मी चाराला टाळी दिली." आणि त्याने हात वर केला. करंगळी मुळापासून नव्हती.

चाळणीवाली खो खो हसली. "अहो पाव्हणं, पंजा पाचाचाच असतो. तुमचा सवलतीचा निघाला, त्याला दादा काय करतील?"

भोवती माणसं जमली. कुणी चार म्हणालं, कुणी पाच. गुऱ्हाळवाल्याने सांगितलं की उसाच्या चरकात बोट गेल्याला इतकी वर्षं झाली, की ते नाही हे त्याच्या लक्षातही राहत नाही. मग त्याने थोडा विचार केला, पाचवा रुपया काढून तळहातावर धरला आणि म्हणाला, "रुमालाखालचं तुम्हालाच ठाऊक. करंगळी नाही हे तुम्हाला कळलं नव्हतं, असं म्हणा. हा रुपया तुमचा."

नाणेवाल्याने चिंचेकडे पाहिलं. ओट्यावर गार सावली पसरली होती. एक शब्द बोलला की ती त्याची. आजवर तिप्पट भाव सांगताना त्याला कधी लाज वाटली नव्हती, कारण तो तिप्पट आहे हे गिऱ्हाइकालाही माहीत असायचं. ही गोष्ट मात्र त्याला एकट्यालाच माहीत होती.

"कळलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही टाळी द्यायच्या आधीच. चारच झाले."

गुऱ्हाळवाल्याने नाणं कपाळाला लावलं आणि उपरण्याच्या गाठीत बांधलं. संध्याकाळी ओटा तंबाखूवाल्याला गेला. "करंगळीपायी सावली घालवलीत, दादा," चाळणीवाली म्हणाली. नाणेवाला हसला. घासाघीस झकास झाली होती आणि डोक्यावर काही ओझं नव्हतं.

तो उन्हाळा त्याने डोक्यावर ओलं फडकं टाकून काढला. पण गुऱ्हाळवाला जिथे जाई तिथे चार बोटं वर करून ही हकीकत सांगायचा. विहीर खणताना, जमीन नांगरताना जुनं नाणं सापडलं की लोक दूरदूरहून याच नाणेवाल्याकडे विकायला येऊ लागले. तो आधीसारखीच घासाघीस करायचा आणि तेही हौसेने भांडायचे. पुढे तर बैलबाजारात रुमालाखालच्या भावावरून तंटा होऊ नये म्हणून लोक त्यालाच मध्ये बसवू लागले. तो आधी दोघांना हात उघडे करून सगळ्यांना दाखवायला लावी आणि मगच त्यांच्यावर रुमाल टाकी.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: घासाघीस हवी तेवढी करावी, पण समोरच्याला न दिसणाऱ्या आणि आपल्याला कळलेल्या चुकीचा फायदा घेऊ नये.