आधी ऑक्सिजन बाद करा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी आणि मेहरूनं दोन मडक्यांच्या मधे ओली वाळू भरून भाजी गार ठेवली होती. पाटी लावली, 'बिनविजेचा फ्रिज'. परीक्षक टेंभेकर सर पाटीवरच अडकले.

"फ्रिज कुठाय? हे मडकं आहे. नाव चुकलं, मॉडेल बाद! शास्त्रात नाव कसं चोख लागतं. ऑक्सिजन बघ. दोन ग्रीक शब्द जोडलेत. ऑक्सिस म्हणजे आंबट, जेन म्हणजे करणारा. आम्ल करणारा!"

मेहरू रडकुंडीलाच आली. तिला जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचं होतं.

मी विचारलं, "म्हणजे सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असतो, सर?"

"नाव ठेवणाऱ्याला तसं वाटलं होतं."

"हायड्रोक्लोरिकमध्ये?"

सर घुटमळले. "त्यात नसतो."

"तेच की! मी पेपरात 'असतो' लिहिलं, तर भोपळा मिळाला. मग हे नाव चुकलंच ना?"

"चुकलं, पण..."

"मग ऑक्सिजनपण बाद!" मी नाक दाबलं. "दाबा सर, बाद झालेला वायू घ्यायचा नाही."

अख्ख्या हॉलनं नाकं दाबली. सगळे सरांकडे बघत राहिले. सरांना हसू फुटलं, त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मेहरूच्या मडक्यावर जिल्ह्यासाठी निवडीची चिठ्ठी चिकटवली.