रिकामा रकाना

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंवर इतकी रागावली की तिने त्यांच्या घरचा चहा नाकारला. चार महिने खपून तिने जे काम उभे केले होते, ते गुरूंनी सकाळी सव्वाआठ वाजता, तिच्या डोळ्यांदेखत, एक ओळ खोडून मोडले होते. वर शांतपणे म्हणाले होते, "आता बघू, कोणी ओरडतंय का."

कोणीही ओरडले नाही. तिच्या रागाचे खरे कारण तेच होते, पण हे तिला बऱ्याच वेळाने उमगले.

हे गुरू आश्रमातले नव्हेत. तालुक्याच्या गावी, एस.टी. स्थानकामागच्या दोन खोल्यांत राहणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. दाढी नाही, कफनी नाही. अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि नाकाच्या शेंड्यावर उतरलेला चष्मा. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी संगणकासाठी एक साधन लिहिले. जुन्या यंत्रातल्या नोंदी उचलून नव्या डेटाबेसमध्ये सुखरूप ठेवायच्या, एवढेच त्या साधनाचे काम. घर बदलताना आपण भांडीकुंडी मोजून चढवतो आणि मोजून उतरवतो, तसेच. ते त्यांनी सर्वांसाठी खुले ठेवले होते. कोणीही घ्यावे, आतला कोड वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून परत पाठवावा. याला ओपन सोर्स म्हणतात. वाचनालये, शाळा, गुरांचे दवाखाने अशा कितीतरी ठिकाणी ते साधन मुकाट्याने राबत होते, आणि ते कोणी लिहिले हे तिथल्या कोणालाच ठाऊक नव्हते. गुरूंना याचे वैषम्य नव्हते.

त्यांना एक विलक्षण सवय मात्र होती. रोज सकाळी चहाच्या आधी ते आपल्या प्रतीतली कुठलीतरी एक ओळ मुद्दाम बिघडवत आणि मग सगळ्या चाचण्या चालवत. त्या साधनाला आठशेच्या वर चाचण्या होत्या. नमुन्याच्या नोंदी इकडून तिकडे हलवून यंत्र स्वतःच तपासत असे. नोंद बरोबर उतरली तर हिरवी खूण, चुकली तर लाल. बिघडवलेल्या ओळीमुळे कुठेतरी लाल खूण उमटली की म्हातारबुवा खूश होत, ओळ पूर्ववत करत आणि चहा घेत. सगळे हिरवेच राहिले तर चहा बाजूला राही. आधी नवी चाचणी लिहायची, मगच कपाला हात लावायचा, असा त्यांचा नेम होता. शिष्या दोन वर्षे हा प्रकार पाहत होती. तिला ती म्हाताऱ्याची जपमाळ वाटे.

शिष्या तिशीतली, हुशार आणि आपल्या हुशारीची पुरेशी जाणीव असलेली. गावातल्या घरी बसून शहरातल्या कंपनीचे काम करी आणि उरलेला वेळ या साधनाला देई. बावीस वर्षांत शेकडो हात लागल्यामुळे त्या कोडची अवस्था ठिगळे लावलेल्या गोधडीसारखी झाली होती. आलेली नोंद नव्या साच्यात बसवायचे एकच काम सात ठिकाणी सात तऱ्हांनी केलेले होते. तिने ते सातही प्रकार एकत्र आणले. बाहेरची वागणूक तीच ठेवून आतली रचना नीटनेटकी करणे याला या व्यवसायात रिफॅक्टरिंग म्हणतात, आणि ते तिने फार सुंदर केले. ओघात एकतीस जुने बगही, म्हणजे कोडमधल्या चुका, निपटले. या कामाला मी तसूभरही कमी लेखत नाही. अशी कामे करणारी माणसे मिळत नाहीत म्हणून चांगली चांगली साधने बंद पडलेली मी पाहिली आहेत.

पण हातात झाडू असला की माणसाला थांबवत नाही. चाचण्यांसाठी ठेवलेल्या नमुन्याच्या नोंदी तिला ओंगळ वाटल्या. तीनशे चाळीस ओळींची ती यादी होती. कुठे रकाने रिकामे, कुठे जून महिन्याची एकतीस तारीख, एका ठिकाणी वयाच्या रकान्यात कोणी अख्खा पत्ता भरलेला. तिने ती यादी काढून टाकली आणि यंत्राकडूनच एक हजार देखण्या नोंदी तयार करून घेतल्या. प्रत्येक रकाना भरलेला, प्रत्येक तारीख खरी. बदलाच्या टिपणात तिने लिहिले, 'जुना कचरा काढला.'

नवी आवृत्ती सोमवारी बाहेर पडायची होती आणि तिची सर्वांत आतुरतेने वाट पाहत होते पुंडलिक मडावी. विदर्भाच्या पार टोकाला, पाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. बाराशे साठ हातपंपांच्या वीस वर्षांच्या नोंदी त्यांच्या जुन्या संगणकात होत्या आणि तो संगणक आता दिवसातून दोनदा बंद पडत होता. जुन्या आवृत्तीला त्या नोंदी वाचताच येत नव्हत्या. शिष्येने निपटलेल्या एकतीस बगांपैकी एक नेमका तोच होता. नोंदी हलल्या की यादी निघणार, आणि ज्या पंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त त्याला लाल रंग लागणार. लाल रंग म्हणजे हे पाणी पिऊ नये. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की सगळे गाव हातपंपावर येते, त्याआधी रंगारी गावोगाव पोहोचायला हवे होते. मडावी दर दोन दिवसांनी फोन करून अत्यंत अदबीने विचारत की सोमवार म्हणजे सोमवारच ना.

शनिवारी सकाळी शिष्या गुरूंकडे आली ती कौतुक ऐकायला, हे उघड आहे. आठशे चाचण्या, आठशे हिरव्या खुणा. गुरूंनी तिचे काम वरपासून खालपर्यंत वाचले, दोन ठिकाणी मान डोलावली, आणि मग एका ओळीवर थांबले. आलेला रकाना रिकामा आहे का, एवढेच ती ओळ विचारत होती. गुरूंनी ती ओळच खोडली, चाचण्या पुन्हा चालवल्या आणि ते वाक्य उच्चारले.

आठशे हिरव्या खुणा जशाच्या तशा उमटल्या.

शिष्येचा चेहरा उतरला आणि लगोलग लाल झाला. चालते काम मुद्दाम मोडायचे आणि वर ते मोडले तरी कळत नाही म्हणून दाखवायचे, हा कुठला न्याय, असे तिने विचारले. मडावींचा संगणक शेवटच्या घटका मोजत असताना हे खेळ कशाला, असेही विचारले. गुरूंनी चहा पुढे केला. तिने तो नाकारला.

"दोष तुझा आहे असं मी म्हटलं का?" गुरू म्हणाले. "मी एक ओळ काढली. आठशे जणींपैकी एकीलाही काही जाणवलं नाही. मला याचीच भीती वाटते."

एवढे बोलून ते मागच्या खोलीत शेंगदाणे भाजायला गेले. समजावणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

शिष्येने ठरवले की म्हाताऱ्याची शंका आता पुराव्यानेच फेडायची. या व्यवसायात काढलेली गोष्ट कधी नष्ट होत नाही, जुनी प्रत्येक प्रत जपलेली असते. तिने गुरूंनी खोडलेली ओळ पुन्हा जागेवर घातली, म्हणजे काम पुन्हा तिने केले होते तसेच झाले. मग तिने तो जुना कचरा परत आणला आणि त्यावर चाचण्या चालवल्या. खुणा उमटू लागल्या. हिरवी, हिरवी, हिरवी. सतराव्या ओळीला लाल. पुढे पुन्हा सगळ्या हिरव्या.

तिने सतरावी ओळ उघडली. 'हातपंप, शाळेजवळ. फ्लोराइड:' आणि पुढे काहीच नाही. शेऱ्याच्या रकान्यात कोणी लिहिले होते, 'बाटली वाटेत फुटली.' हलवल्यावर तो रकाना रिकामाच राहायला हवा होता. तिच्या सुंदर, नीटनेटक्या कोडने तिथे शून्य भरले होते.

कारण शोधायला तिला दोन मिनिटे लागली. सातपैकी सहा ठिकाणी रिकाम्या रकान्याचे शून्य होत असे, कारण तिथे संख्या मोजलेल्या असत. वाचनालयात कोणी पुस्तक नेले नसेल तर रकाना रिकामा, म्हणजे शून्य. सातव्या ठिकाणी मात्र रिकामे ते रिकामे ठेवलेले होते. तिला ती कोणाची तरी नजरचूक वाटली आणि तिने सातवे सहांसारखे केले. पुस्तकांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पाण्यात फ्लोराइड शून्य याचा अर्थ मात्र एकच होतो, पाणी शुद्ध आहे. आणि शुद्ध पाण्याच्या पंपाला कोणी लाल रंग लावत नाही.

तिने मडावींना फोन लावला आणि त्यांच्या नोंदींत न तपासलेले पंप किती आहेत ते विचारले. मडावींनी जुन्या संगणकाची मनधरणी करून आकडा सांगितला. सेहेचाळीस.

गुरू शेंगदाण्यांची ताटली घेऊन बाहेर आले तेव्हा ती पडद्याकडे पाहत नुसती बसली होती. तिने विचारले, "तुम्हाला माहीत होतं, सर?"

"नाही," गुरू म्हणाले. "तुझ्या कामात चूक आहे हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की असली, तर आपल्याला कोणी सांगणार नाही."

मग ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"तेरा वर्षांपूर्वी पुंडलिकच्या नोंदी त्याच्या आत्ताच्या संगणकात आणल्या, तेव्हा ही चूक मी केली होती. तो पंप खरा आहे. बाटली फुटली, नोंद रिकामी राहिली, माझ्या कोडने तिथे शून्य घातलं. पंपाला लाल रंग लागला नाही. दोन वर्षं शाळेतली पोरं ते पाणी प्यायली. लहानग्यांचे नवे दात डागाळलेले येऊ लागले, तेव्हा पुंडलिकने पुन्हा पाणी तपासलं आणि मला पत्र लिहिलं. त्यात एक वाकडा शब्द नव्हता. त्या दिवशी ही ओळ मी यादीत घातली. त्या यादीतली प्रत्येक ओळ अशीच कोणाच्या तरी पत्रातून आलेली आहे. ती यादी घाणेरडी आहे, कारण माणसांच्या नोंदी तशाच असतात. तू कोड स्वच्छ केलास ते उत्तम केलंस, मला या वयात ते जमलं नसतं. पण आपल्याला कुठे लागलं होतं त्या खुणाही तू पुसल्यास. हिरवी खूण बघून आपल्याला बरं वाटतं. पण राखणीचा कुत्रा भुंकतो की नाही हे बघायचं, तर एकदा आपणच कुंपणावरून उडी मारावी लागते. मी रोज सकाळी तेवढंच करतो."

शिष्येने ताटलीतले शेंगदाणे घेतले आणि कामाला लागली. सातवे ठिकाण तिने पुन्हा सातव्यासारखे केले, आणि पुढच्या कोणाला ती नजरचूक वाटू नये म्हणून त्याच्या डोक्यावर चार ओळींत कारण लिहिले. तीनशे चाळीस जुन्या नोंदी परत जागेवर आल्या, तिच्या हजार देखण्या नोंदीही राहिल्या. मग तिने आपल्याच कोडच्या एकेक ओळी खोडून पाहायला सुरुवात केली आणि सोमवार संपेपर्यंत अकरा नव्या चाचण्या लिहिल्या. सोमवारची आवृत्ती बुधवारी निघाली. उशीर होणार हे मडावींना तिने स्वतः कळवले, आणि चूक कोणाची होती तेही सांगितले. मडावी म्हणाले की दोन दिवस मशीनला कसेतरी दटावून ठेवतो.

गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "सर, बाराशे साठच्या बाराशे साठ उतरले. सेहेचाळीस पंप रिकामे होते, रिकामेच आले. रंगाऱ्यांची यादी निघाली. आता उद्यापासून मी बाटल्या घेऊन त्या सेहेचाळीस पंपांकडे निघतो."

गुरूंनी फोन शिष्येच्या हातात दिला.

"मडावीभाऊ," ती म्हणाली, "बाटल्या जास्तीच्या घ्या. वाटेत फुटतात."

पुढच्या शनिवारी ती चहाच्या आधीच येऊन बसली. गुरूंनी बावीस वर्षांपूर्वी लिहिलेला, आजवर दुसऱ्या कोणी हात न लावलेला कोडचा एक भाग तिने उघडला, त्यातली एक ओळ खोडली आणि चाचण्या चालवल्या. गुरू चष्मा सावरून पुढे झुकले. सगळ्या खुणा हिरव्या उमटल्या.

गुरूंनी कप बाजूला सारला, आणि त्या सकाळी दोघांचाही चहा गार झाला.