वरचे बारा फूट

सगळा दोष माझ्या चुलत्याचा, रंगरावअण्णांचा. दरसाल बांध कोरून त्यांनी शेजारच्या चंद्राक्काचं रान खाल्लं आणि आता तारेची जाळी ठोकून ते कायमचं गिळायला निघाले. जाळीच्या खर्चाचा अंदाज काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नारळ फोडायला गावचे पंच जमले. माझा कागद बघून अण्णा खेकसले, “पुढची बाजू दोनशे फूट? दोनशे बारा भरतेय! दहावी नापासाला मोजता येतं होय?”

“येत नाही, म्हणून तर तुमच्या सरकारी नकाशावरचा आकडा उतरवला,” मी म्हणालो. “वरचे बारा फूट कुणाचे, तेवढं पंचांना सांगा. लगेच वाढवतो.”

पंचांनी जुनी हद्द आखली आणि नारळ चंद्राक्कानं फोडला.

अण्णांना बारा फूट रान सोडावं लागलं.