गुडघाभर खड्डा

एका गावात एक विणकर होता, पण त्या गावात त्याचे घर नव्हते. विणकराचे नाव सखाहरी. बायको यमुना, नऊ वर्षांची लेक चिमा आणि एक हातमाग, एवढाच त्याचा संसार. हा संसार भाड्याच्या घरात चालला होता.

आता भाड्याने तर पुष्कळ लोक राहतात. भांडीकुंडी गाडीत टाकली की निघाले. विणकराचे तसे नसते. त्याच्या मागाखाली जमिनीत खड्डा असतो. खड्ड्याच्या काठावर बसून तो पाय आत सोडतो आणि खालच्या पावड्या पायाने दाबतो. पावडी दाबली की उभे दोरे वर-खाली उघडतात आणि त्यांच्या मधून आडवा दोरा घेऊन धोटा पळतो. म्हणून विणकराला घर भाड्याने द्यायचे म्हणजे जमीन खणू द्यायची. घर सोडताना भाडेकरूने तो खड्डा बुजवायचा, माती चोपायची, वरून सारवायचे आणि जमीन होती तशी करून द्यायची, अशी त्या गावची रीत होती.

सखाहरीने आजवर चार घरे बदलली होती. एका मालकाच्या मुलाचे लग्न ठरले, एकाचे छप्पर खचले, एकाने भाडे वाढवले, एकाचा भाऊ परत आला. चार खड्डे खणले, चार बुजवले. पहिल्या घरात त्याने चांगला कमरेएवढा खड्डा खणला होता. तो पाहून घरमालक चार माणसांसमोर म्हणाला होता, "काय रे, लुगडी विणायला आलास की विहीर पाडायला?" माणसे पोट धरून हसली. तिथेच गोष्ट संपायला हवी होती. पण सखाहरी लाजाळू माणूस. ते हसणे त्याच्या मनात रुतून बसले. पुढच्या प्रत्येक घरात तो गुडघाभरच खणू लागला.

"दुसऱ्याच्या जमिनीत कशाला जास्त हात घालायचा?" तो म्हणायचा. "आपलं घर झालं की खणीन मनासारखा."

आपले घर व्हावे म्हणून दोघे नवराबायको जिवापाड झटत होते. मागावरून लुगडे उतरले, की त्याच्या कमाईतला एक वाटा आधी यमुनेच्या पितळी डब्यात जायचा. मग मीठमिरची, मग बाकीचे. सणाला नवे कापड नसले तरी चालेल, पण डब्याचा वाटा चुकायचा नाही. त्यात कधी खंड पडला नाही, आणि त्यात चूकही काही नव्हती.

चूक होती ती वेगळीच. सखाहरीला वाटायचे, आपण इथे राहतच नाही. नुसते थांबलो आहोत. यमुनेने भिंतीला एक फळी मागितली, तर तो म्हणाला, आपल्या घरी गेल्यावर. चिमाला परसात अबोली लावायची होती. तीही आपल्या घरी गेल्यावर. चिमा मोठी खट्याळ. एकदा तिला शिंक येऊ लागली तेव्हा तिने नाक दाबून धरले आणि म्हणाली, "थांबा, ही आपल्या घरी गेल्यावर देते." यमुना हसून हसून दमली. सखाहरीही हसला, पण फळी काही ठोकली नाही.

सध्या ते गोदाआक्कांच्या घरात राहत होते. गोदाआक्का म्हाताऱ्या, एकट्या, बोलायला फटकळ. पुढच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या आणि मागचे घर सखाहरीला दिले होते. तिथेही सहा वर्षांपूर्वी त्याने गुडघाभर खड्डा खणला आणि तो पाय मुडपून बसू लागला. पावडी अर्धी दाबली की खालच्या मातीला टेकायची. दोरे पुरते उघडायचे नाहीत. धोटा त्यांना घासत जायचा आणि कुठला तरी दोरा पटकन तुटायचा. मग माग थांबवा, दोरा सांधा, पुन्हा बसा. दुसरा विणकर पंधरा दिवसांत लुगडे उतरवायचा, तिथे सखाहरीला तीन आठवडे लागायचे. आपला हातच मंद आहे, असे त्याने मनाशी धरले होते.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि एक बातमी आली. रंगोबा शिंपी आपले घर विकून लेकीकडे राहायला निघाला होता. घर लहानसे, पण भिंती पक्क्या, पुढे अंगण, मागे आड. सखाहरी आणि यमुना ते पाहून आले. परत येताना दोघे भराभर चालत होते. उशीर झाला तर घर हातचे जाईल, असेच जणू दोघांना वाटत होते.

घरी येऊन त्यांनी डबा उघडला. सहा लुगड्यांचे वाटे कमी पडत होते. सखाहरीने जाऊन रंगोबाला मुदत मागितली. रंगोबा भला माणूस. तो म्हणाला, "गुढीपाडव्यापर्यंत तुझ्यासाठी थांबतो. पण पुढे नाही हो. एक कुंभार दोन खेपा घालून गेलाय, आणि माझी लेक रोज निरोप धाडतेय."

पाडव्याला साडेचार महिने होते. तीन आठवड्यांना एक, म्हणजे सहा लुगडी जेमतेम बसत होती.

त्या दिवशी यमुनेने पहिल्यांदा खड्ड्याचा विषय काढला. ती रोज मागाजवळ बसून धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची. दोरा कधी तुटतो आणि का तुटतो, हे तिला दिसत होते.

"अहो, आधी खड्डा खोल करून घ्या," ती म्हणाली. "चार दिवस मोडतील, पण पुढे हात मोकळा चालेल."

"वेडी आहेस का?" सखाहरी म्हणाला. "पाडव्याला हे घर सोडायचंय. चार महिन्यांसाठी कोण खणतं? आणि आज खणायचं, चार महिन्यांनी तेवढंच बुजवायचं."

"बसायचं तर चार महिने आहेच ना?"

सखाहरी उठून विणायला बसला.

तो उजाडता बसायचा तो दिवस मावळेपर्यंत. जेवणसुद्धा मागावरच. घाई वाढली तसे दोरेही जास्त तुटू लागले. गुडघे सुजले. सूज लपवायला तो धोतर खाली ओढून घ्यायचा, आणि यमुना तेल गरम करून आणायची. महिना-सव्वा महिन्यात त्याने दोन लुगडी उतरवली. इतक्या लवकर त्याची दोन लुगडी कधी झाली नव्हती. ती घेऊन तो मोठ्या उमेदीने मोतीशेट व्यापाऱ्याकडे गेला.

मोतीशेटने लुगडे उलगडले. दारातल्या उजेडात धरले. उजेडात कापडावर पट्टे दिसत होते. एक पट्टा विरळ, एक दाट, पुन्हा विरळ. मधे मधे धोटा दोरे सोडून गेला होता.

"सखाहरी, हे विणलंस की ठेचकाळत चाललास?" मोतीशेट म्हणाले. "तुझा हात असा नाही. लग्नघरच्या बायकांना हे दाखवलं, तर त्या माझ्याच दुकानाला नावं ठेवतील."

त्यांनी लुगडी ठेवून घेतली, पण निम्म्या भावात. तेही जुन्या ओळखीखातर.

सखाहरी घरी आला तो मान खाली घालून. तो मागाजवळ उभा राहून खड्ड्याकडे पाहत राहिला. आपण किती वर्षे एवढ्याशा खड्ड्यात पाय कोंबून बसलो, हे त्याला पहिल्यांदा नीट दिसले. मग तो पुढच्या दारी गेला.

गोदाआक्का तूर निवडत बसल्या होत्या. सखाहरी उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मागाखालची जमीन जराशी, म्हणजे अगदी थोडी, आक्कांची हरकत नसेल तर, खोल करावी म्हणतो, आणि जाताना सगळी बुजवून देईन, असे तो कसेबसे बोलला.

गोदाआक्कांनी सूप खाली ठेवले.

"सहा वर्षं मी समजत होते, तुला असंच वाकून बसायची खोड आहे," त्या म्हणाल्या. "अरे, घर माझं असलं तरी गुडघे तुझेच आहेत ना? विचारायला सहा वर्षं लागली?"

"मला वाटलं, तुम्ही रागावाल."

"रागावलेच आहे. पण ते इतके दिवस गप्प बसलास म्हणून. जा, खण. आणि माती टाकून देऊ नकोस, माझ्या ओट्याला घाल. तो पावसानं खचलाय."

दुसऱ्या दिवशी यमुनेने ताण्यावर, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या दोऱ्यांवर, जुने लुगडे पांघरले, पावड्या सोडल्या आणि खणायला सुरुवात झाली. सखाहरी खणायचा, यमुना घमेली भरायची, चिमा ओट्यावर माती तुडवायची. गोदाआक्का काठी टेकत दर घटकेला येऊन, अजून खोल, अजून खोल, असे सांगून जायच्या. त्यांच्याच पडवीत पडलेले चार चपटे दगड त्यांनी खड्ड्याच्या बाजूंना लावायला दिले. खणणे, दगड बसवणे, सारवणे आणि वाळणे यांत चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सखाहरी काठावर बसला आणि त्याने पाय आत सोडले. पाय लोंबकळले. पाठ आपोआप सरळ झाली. त्याने पावडी दाबली. ती खाली गेली, आणखी खाली गेली. दोरे असे उघडले की चिमाचा हात मधून गेला असता. धोटा एका झेपेत पलीकडे पोचला.

"बाबा, माग आज नुसता खडखडत नाहीये," चिमा म्हणाली. "गातोय."

आता पंधरा दिवसांना एक लुगडे उतरू लागले. अंग सारखे, काठ सरळ. मोतीशेट उजेडात धरायचे आणि मान डोलवायचे. भावही पुरा मिळू लागला. पण हातातून निसटलेले दिवस कमी नव्हते. त्यातच सुताची गाडी महिनाभर उशिरा आली. पाडवा आला तेव्हा डब्यात एका लुगड्याचा वाटा कमीच होता. पट्टे पडलेल्या दोन लुगड्यांना पुरा भाव आला असता, तर तो बरोबर भरून निघाला असता. हे सखाहरीला कुणी सांगायची गरज नव्हती.

रंगोबाने दोन दिवस जास्त वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी घर कुंभाराने घेतले.

सखाहरी तिकडून परत आला आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिला.

"दुसऱ्याची जमीन राखत बसलो," तो म्हणाला, "आणि आपली घालवली."

यमुनेच्या डोळ्यांत पाणी होते, पण तिने ते पदराला पुसले. "गावात काय एकच घर आहे?" ती म्हणाली. "डबा आहे, हात आहेत, आता पायही नीट सुटले आहेत. ताण्यावरचं लुगडं कधी उतरतंय, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सखाहरीने विणायला बसण्याआधी सुताराकडून एक फळी आणली आणि भिंतीला ठोकली. यमुनेने तिच्यावर डबे मांडले, दोन पावले मागे सरून पाहिले आणि पुन्हा मांडले. चिमाने परसात अबोली लावली. हात मातीचेच ठेवून ती बापाजवळ आली.

"बाबा, मग हे आपलंच घर का?"

"घर भाड्याचं आहे," सखाहरी म्हणाला. "पण राहतो ते आपण. तेवढं आपलंच."

त्या दिवसापासून डब्याचा वाटा कमी झाला नाही, उलट वाढला. लुगडी लवकर उतरत होती आणि चांगली उतरत होती. संध्याकाळी गोदाआक्का नव्या ओट्यावर येऊन बसायच्या. यमुना त्यांच्या शेजारी बसून भाजी निवडायची. एक वर्ष गेले, दुसरेही गेले. दुसऱ्या वर्षी गावाच्या पूर्वेला एक घर विकायला निघाले. रंगोबाच्या घराहून थोडे लहान, पण दारात सकाळचे ऊन येणारे. या वेळी मुदत मागावी लागली नाही.

घर सोडायच्या दिवशी सामान गाडीत गेले. माग सोडवून बांधला. सखाहरी रीतीप्रमाणे फावडे घेऊन खड्डा बुजवायला आला. गोदाआक्कांनी काठी आडवी धरली.

"राहू दे तो. मागच्या घरात उद्यापासून मल्हारी विणकर येतोय. नवंच लग्न झालंय. त्याला आयता होईल."

मल्हारी बायकोला घेऊन घर पाहायलाच आला होता. त्याने खड्ड्यात डोकावून पाहिले आणि तो कानकोंडा झाला.

"काका, एवढा खोल कशाला? आम्ही इथे काय, दोन वर्षांचे. आम्हालाही पुढे स्वतःचं घर घ्यायचंय."

"घे की," सखाहरी म्हणाला. "जरूर घे. पण ही दोन वर्षं इथे बसणार कोण? तूच ना?"

त्याने मल्हारीला काठावर बसवले आणि पाय आत सोडायला सांगितले. मल्हारीने आधी अंग चोरून, मग हळूच, मग पुरते पाय सोडले. त्याची पाठ सरळ झाली. त्याने नवलाने बायकोकडे पाहिले.

सखाहरी गोदाआक्कांच्या पाया पडला. मग फावडे खांद्यावर टाकून तो आपल्या घरी खणायला निघाला.

तात्पर्य: उद्याच्या घरासाठी आज जरूर साठवावे, पण आज ज्या घरात राहतो, तिथेही पाय पुरते सोडून बसावे. चार दिवसांचे म्हणून अर्धे केलेले काम आपले घर जवळ आणत नाही, लांब नेते.