साळिंदर मंत्र्याचा गरुड

मुलांनो, ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, त्याच्या मधोमध एक खोल दरी होती. दरीच्या अलीकडे बहुतेक प्राण्यांची बिळे आणि गुहा होत्या. पलीकडे एक मोठे तळे होते आणि त्या तळ्याकाठी सिंहमहाराजांचा दरबार भरत असे. दरी पायी ओलांडायची म्हटले तर उतरताना गुडघे मोडत आणि चढताना जीव मेटाकुटीला येई. म्हणून गिधाडांनी एक सोय केली होती. बांबूची भली मोठी टोपली, तिला वेलींचे दोर, आणि ते दोर पंजांत धरून उडणारी सहा दणकट गिधाडे. अलीकडच्या कड्यावर टोपलीत बसायचे, पलीकडच्या कड्यावर उतरायचे. गिधाडांचे नाव ऐकून उगाच नाक मुरडू नका. जिवंत प्रवाशाकडे वाकड्या नजरेने पाहायचे नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

त्यांचा दुसरा नियम मात्र तापदायक होता. टोपली गच्च भरल्याशिवाय हलायची नाही! चार प्रवासी येऊन बसले, की गिधाडे मान लांब करून पाचव्याची वाट बघत. कोल्हा कुरकुर करी, वानरे एकमेकांच्या शेपटीवर बसून भांडत, आणि सशिणीला दर वेळी घरी काहीतरी विसरल्याची आठवण होई. हत्तीने टोपलीत बसण्याविषयी कधी विचारलेही नाही, एवढा तो समंजस होता.

या टोपलीतून एक साळिंदर नेहमी ये-जा करीत असे. काटे मिटून, अंग चोरून ते एका कोपऱ्यात बसे. तरीही वाऱ्याने टोपली हेलकावली, की कुणाला तरी काटा टोचेच. मग "अगं आई गं!" अशी किंकाळी उठे आणि सगळे साळिंदराकडे रागाने बघत. बिचारे शरमेने आणखी आक्रसून जाई. त्याच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे. बसे ते फक्त एक म्हातारे कासव.

"तू पसर रे हवा तेवढा," कासव म्हणे. "माझ्या पाठीला कसली भीती?"

कासवाचा जन्म पलीकडच्या तळ्यातला. आता ते अलीकडच्या डबक्याकाठी लेकीकडे राहत असे. पण आपल्या तळ्यात एकदा डुबकी मारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पहाटे निघाले तरी कड्यावर पोचायला त्याला फार वेळ लागे. टोपली उशिरा सुटते म्हणून खूश होणारा सगळ्या जंगलात तो एकच प्रवासी होता. साळिंदराला खेटून बसायचे आणि गप्पांना सुरुवात करायची. कुणाचा झरा आटला, कुणाच्या पिलाला खरूज झाली, कुणाच्या बिळात नाग शिरला, सगळ्या जंगलाची खबरबात त्या टोपलीत फिरत असे. साळिंदर मान खाली घालून ऐके आणि ऐकलेले विसरत नसे.

एकदा सिंहमहाराज मंत्री शोधत होते. प्रत्येकाचे दुखणे साळिंदराला तोंडपाठ आहे, असे त्यांच्या कानी आले आणि त्यांनी त्यालाच मंत्री केले. जंगलात आनंदीआनंद झाला. "आपल्या टोपलीतला मंत्री झाला!" म्हणून वानरांनी उड्या मारल्या. ज्यांना काटे टोचले होते, त्यांनीही ते कौतुकाने सांगितले.

पुढे उन्हाळ्यात अलीकडे वणवा लागला. मंत्र्याने तातडीने दरबारात जाऊन हत्तींची कुमक मागायला हवी होती. पण टोपली भरेना. साळिंदर कड्यावर तळमळत बसले आणि गिधाडे मान लांब करून वाट बघत राहिली. कुमक येईपर्यंत अर्धे बांबूचे बन जळून गेले. सिंहमहाराज फार चिडले. "माझ्या मंत्र्याने गर्दीत ताटकळत बसायचं? आजपासून तुझ्यासाठी वेगळा गरुड!" असे म्हणून त्यांनी दरबारातला सगळ्यांत मोठा गरुड त्याच्या दिमतीला दिला. खरे सांगायचे तर त्या दिवशी यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. आग काही टोपली भरायची वाट बघत नाही.

पण मुलांनो, वणवे काही रोज लागत नाहीत. गरुड मात्र रोज दारात उभा राहू लागला.

मऊ झोळीत साळिंदराने बसायचे, गरुडाने ती झोळी पंजांत धरायची, की पापणी लवायच्या आत पलीकडे. काटे मिटायला नकोत, अंग चोरायला नको. गरुडाला उतरायला सोयीचे पडेल म्हणून मंत्र्याचे बीळही एका उंच सुळक्यावर हलवले गेले. मंत्र्याच्या सुळक्याजवळ दुसऱ्या पाखराने फिरकायचे नाही, असा दंडक गरुडाने घातला. मंत्री लवकर पोचतो म्हणून दरबार सकाळी भरू लागला. टोपलीतले प्राणी दुपारी गाऱ्हाणी घेऊन पोचत, तेव्हा दारावरचे तरस त्यांना सांगे, "साहेब केव्हाच उडाले."

सुरुवातीला साळिंदराला हे सारे फार आवडले. मग हळूहळू त्याला करमेनासे झाले. झोळीत वारा अंगाला झोंबे. एकदा त्याने गरुडाशी बोलायचा प्रयत्न केला. "काय रे, तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"उडताना मी बोलत नाही," गरुड म्हणाला.

"आणि उतरल्यावर?"

"उतरल्यावर माझं काम संपतं."

त्यानंतर साळिंदर गप्प बसू लागले. कधीकधी सवयीने ते म्हणे, "ऐकलं का कासवबुवा," आणि वळून बघे, तर शेजारी कुणीच नसे. सुळक्यावरच्या बिळातही तेच. वरून सगळे जंगल दिसे. पण कोण कुणाशी काय बोलत आहे, ते ऐकू येत नसे. मंत्र्याला एकटे वाटू लागले होते. हे सांगायचे तरी कुणाला, हा त्याचा प्रश्न होता.

इकडे खाली कासव आजारी पडले. आपले दिवस भरत आले, हे त्याला कळले होते. ते लेकीला म्हणाले, "मला एकदा माझ्या तळ्यात उतरव. मग काही मागणार नाही." पण कड्यापर्यंत चढायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. वानरांनी त्याला उचलून न्यायचे ठरवले. अर्ध्या चढणीवर ते हातातून निसटले, गडगडत खाली आले आणि त्याच्या कवचाला चीर गेली. त्यानंतर पुन्हा उचलायची कुणाची छाती झाली नाही. डबक्याभोवती झाडी इतकी दाट, की गिधाडांची टोपली तिथे उतरणे शक्यच नव्हते.

"मंत्र्याचा गरुड उतरू शकेल," मुंगूस म्हणाले. "झोळीही मऊ आहे म्हणे."

"मग त्याला सांगा," कासव म्हणाले. "माझं नाव सांगितलंत, की तो धावत येईल."

सांगायचे कसे? एक गिधाड सुळक्याकडे गेले, त्याला गरुडाने पिटाळून लावले. मुंगूस टोपलीने दरबारात जाऊन आले, तर साहेब केव्हाच उडाले होते. शेवटी सगळ्यांनी एक युक्ती काढली. डबक्याजवळ टोपली टेकणार नाही असा एक उघडा, उतरता खडक होता आणि गरुडाची वाट बरोबर त्याच्यावरून जाई. सगळे त्या खडकावर जमले. झोळी दिसताच ते पंजे, शेपट्या, जे असेल ते हलवू लागले आणि घसा फोडून ओरडू लागले, "खाली या! खाली या!"

साळिंदराने वरून पाहिले. एवढी मोठी गर्दी आणि सगळे आपल्याकडे बघून हात हलवत आहेत! त्याला गहिवरून आले. आपल्याला कुणी विसरलेले नाही, असे त्याला वाटले. त्याने झोळीतून पंजा बाहेर काढला आणि मोठ्या प्रेमाने हलवला. गरुड पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशीही. त्या खडकावरून जायची वेळ झाली, की साळिंदर आधीच सावरून बसे. सगळ्या प्रवासात तेवढीच घटका त्याला सुखाची वाटे. दरबारात ते सिंहमहाराजांना सांगू लागले, "महाराज, प्रजेची माझ्यावर फार माया आहे. रोज निरोप द्यायला उभी असते." महाराजांनीही मान डोलावली.

मग एके दिवशी खडकावर कुणीच नव्हते. साळिंदर वाकून वाकून बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही खडक रिकामाच दिसला. आधी त्याला राग आला, मग वाईट वाटले, आणि मग कसलीशी भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने गरुडाला आज्ञा केली, "इथे खाली उतर."

डबक्याकाठी मुंगूस एकटेच बसले होते. त्याने मंत्र्याला पाहिले आणि उठून नमस्कार केला.

"सगळे कुठे गेले?" साळिंदराने विचारले. "रोज यायचात ना तुम्ही मला निरोप द्यायला?"

"निरोप नव्हतो देत, साहेब. तुम्हाला खाली बोलावत होतो. कासवबुवांना तळ्यावर जायचं होतं. गरुडाशिवाय दुसरा इलाज नव्हता."

"मग चल, आत्ता नेतो. कुठायत ते?"

मुंगुसाने समोरच्या जांभळीकडे बोट केले. झाडाखाली ताजी माती दिसत होती.

 साळिंदराने त्या मातीकडे पाहत विचारले, "मी आलो नाही म्हणून फार रागावले होते का रे?"

"नाही साहेब," मुंगूस म्हणाले. "रोज आम्ही त्यांना सांगायचो, की मंत्र्यांनी आपल्याला पाहिलं, हातसुद्धा हलवला. मग ते खूश व्हायचे. म्हणायचे, 'बघा, कळलंय त्याला. आज कामात असेल. उद्या नक्की येईल.' शेवटच्या दिवशीसुद्धा तेच म्हणाले."

साळिंदर जांभळीखाली गेले आणि त्या मातीला खेटून बसले. ते खूप रडले. मुंगुसाला त्याची दया आली, पण जवळ जाऊन काय बोलावे हे त्याला कळेना. गरुड झोळी घेऊन उभा होता. उतरल्यावर त्याचे काम संपत असे.

दुसऱ्या दिवशी साळिंदर दरबारात उभे राहिले. "महाराज, माझा गरुड परत घ्या."

"का? काही गैरसोय झाली?" सिंहाने विचारले.

"त्याचं काही चुकलं नाही, महाराज. त्याला टोपलीच्या थांब्यावर ठेवा. वणवा लागला, पूर आला, कुणी अंथरुणाला खिळलं, तर ज्याला गरज असेल त्याला नेऊ दे. मलाही तशीच घाई असली तर मी मागून घेईन. एरवी मी टोपलीनं येत जाईन."

"म्हणजे दरबार पुन्हा उशिरा भरणार!"

"भरू दे महाराज. टोपलीतल्यांनाही काही सांगायचं असतं."

सिंहाने आयाळ खाजवली, तो थोडा गुरगुरला आणि शेवटी हो म्हणाला.

अशा रीतीने साळिंदर पुन्हा कड्यावर आले आणि रांगेत उभे राहिले. "या साहेब, पुढं या," म्हणून सगळ्यांनी त्याला वाट करून दिली. त्याने मोठ्या कष्टाने काटे मिटले आणि ते एका कोपऱ्यात बसले. टोपली भरायला नेहमीसारखाच वेळ लागला. पण आज कोल्हा कुरकुरला नाही, वानरे भांडली नाहीत, सशिणीला घरचे काही आठवले नाही. मंत्र्यांसमोर बोलायचे कसे, म्हणून सगळे अदबीने गप्प बसले होते.

टोपली उचलली गेली. दरीच्या मध्यावर आल्यावर साळिंदराने घसा खाकरला. "यंदा तुमच्या झऱ्यांना पाणी कसं काय आहे?" त्याने विचारले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"बरं आहे, साहेब," सशीण म्हणाली.

पलीकडचा कडा येईपर्यंत पुन्हा कुणी काही बोलले नाही.

तात्पर्य : डोक्यावरून जाणाऱ्याला खालचे हात दिसतात, हाका ऐकू येत नाहीत, म्हणून ज्याने सर्वांचे ऐकायचे, त्याने गरज नसताना सर्वांपासून वेगळा प्रवास करू नये. टोपलीतली जागा परत मिळते, पण टोपलीतल्या गप्पा परत मिळायला फार काळ जावा लागतो.